नळ आले आणि आम्ही बघत राहिलो

मुलांना आम्ही शाळेत घातलेलं नाही हे कळलं की माणसं आधी मुलांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मुलांमध्ये काही कमी दिसत नाही, म्हणून नजर माझ्यावर येऊन थांबते. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं मराठीत भाषांतर करतो आणि बायको बँकेत जाते. ही गोष्ट घडली तेव्हा पोरगी अकरा वर्षांची होती, पोरगा सात वर्षांचा. दोघं घरीच शिकत होते आणि त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. सिडकोतल्या आमच्या बैठ्या घरात पाचवं माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घराण्यात आधी पूजा सांगितल्या गेल्या आणि नंतर फायली चालवल्या गेल्या. त्यामुळं नातवंडं शाळेत जाणार नाहीत हे ऐकल्यावर अण्णांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "मग दाखल्यावर काय लिहिणार?" 

शिकवणं जमत होतं. अडचण होती ती वागण्याची. शाळेत जाणारी मुलं अर्धा दिवस दुसऱ्यांच्या ताब्यात असतात आणि त्यांच्यावर जे ओरडायचं ते तिथल्या तिथं ओरडून झालेलं असतं. आमच्याकडे मास्तर, शिपाई, मुख्याध्यापक आणि बाप हे सगळं मीच. सकाळी दात घासा म्हणून सुरू झालेला आवाज संध्याकाळी चपला नीट ठेवा म्हणेपर्यंत बसलेला असायचा. बायको बँकेतून आली की माझा घसा ऐकून दिवस कसा गेला ते ओळखायची. एकदा ती म्हणाली की एवढं ओरडायचंच होतं तर शाळा काय वाईट होती. ते मला लागलं आणि मी बंगळुरूच्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला.

बाईंचा आवाज इतका शांत होता की पहिल्या दिवशी मी बसल्या बसल्या डुलक्या घेतल्या. त्यांचं म्हणणं सोपं होतं. शिक्षा करायची नाही, ओरडायचं नाही, लालूचही दाखवायची नाही. मुलानं जे केलं त्याचा जो व्हायचा तो परिणाम होऊ द्यायचा आणि आपण मधे पडायचं नाही. मूल समोर उभं राहिलं की शांतपणे म्हणायचं, "ही तुझी निवड आहे." स्वेटर घातलं नाही तर थंडी वाजेल. डबा विसरला तर भूक लागेल. आणि आईवडिलांचं एकमत दिसलं पाहिजे, आतून असो वा नसो. बायकोनं हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि म्हणाली, बरं, दिसेल.

मी भाषांतरकार असल्यामुळं पहिला आठवडा बाईंच्या इंग्रजी 'कॉन्सिक्वेन्स'ला मराठी शब्द ठरवण्यात गेला. शेवटी 'परिणाम' हाच शब्द मी घरात लागू केला. पोरांनी तो लगेच उचलला, पण आपल्या पद्धतीनं. मुलगा शेजाऱ्यांना सांगायचा, "आज मला परिणाम बसला." कधी कधी बहिणीला धमकी द्यायचा की बाबांना सांगून तुला परिणाम देईन. मी दर वेळी सांगायचो की परिणाम कुणी देत नाही, तो होतो. तो मान डोलवायचा आणि विचारायचा, "मग माझी सायकल कुणी कुलपात ठेवली?"

स्वेटरचा प्रयोग आमच्याकडे चालला नाही, कारण थंडी पडायची वाट बघण्यात निम्मा डिसेंबर गेला. मग मी कपड्यांवर आलो. मळके कपडे टोपलीत टाकले नाहीत तर धुतले जाणार नाहीत, हे जाहीर केलं. मुलानं एकही कपडा टोपलीत टाकला नाही. धुतलेले संपले तेव्हा त्यानं कपाटातून मावशीच्या लग्नातली शेरवानी काढली आणि तीच घालून राहू लागला. शेरवानीत तो क्रिकेट खेळला, शेरवानीत पाढे म्हणाला, शेरवानीत माझ्याबरोबर भाजी आणायला आला. भाजीवाल्या बाईनं विचारलं, कुणाचं लगीन हाय? त्यानं सांगितलं की लग्न नाही, परिणाम आहे. बाईनं मला कोथिंबीर फुकट दिली. बहुधा कीव आली असावी.

आणि मग अण्णांना ह्या पद्धतीत गोडी वाटू लागली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की घरात काही कायदाच नाही. आता कायदा आलाय म्हटल्यावर तो नीट राबवला जावा असा त्यांचा आग्रह सुरू झाला. सायकल पुन्हा गल्लीत राहिली तेव्हा मी ती कुलपात ठेवायला निघालो, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, समोरच्याला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्यांनी नातवाला रीतसर कारणे दाखवा नोटीस काढली: सायकल सार्वजनिक रस्त्यावर बेवारस स्थितीत आढळून आली असून आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा सादर करावा. पोराचं लिहिणं त्या वेळी कच्चं होतं, पण ह्या कामासाठी त्यानं बसून दोन ओळी लिहिल्या. सायकल बेवारस नव्हती. तिच्यावर मांजर बसलं होतं. अण्णांनी खुलासा वाचला, समाधानकारक असल्याचा शेरा मारला आणि सायकल सोडून दिली. शुद्धलेखन मात्र त्या महिन्यात खरंच सुधारलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण बाईंच्या वर्गात एक दिवस असं निघालं की आपण लहान लहान गोष्टींत परिणाम होऊ देतो आणि मोठ्या गोष्टी आल्या की घाबरून मुलांना वाचवतो. खरी कसोटी तिथंच आहे. हे ऐकून मला माझीच लाज वाटली आणि मी मोठी गोष्ट शोधू लागलो. आमच्या गावात ती शोधायला लांब जावं लागत नाही.

आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. आठवड्यातून एखाद्या वेळी येतात, कधी त्याहून उशिरा, आणि आले की तासाभरात जातात. नळ आले की बाहेरच्या नळाला पाइप जोडून तो हौदात सोडायचा, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची. हे काम मी पोरीकडे दिलं. जबाबदारीही होईल आणि पाण्याचा अभ्यासही. दोनतीन वेळा तिनं ते चोख केलं. त्यानंतरच्या खेपेला दुपारी बाहेर नळाची तोटी सूं सूं करायला लागली तेव्हा ती गच्चीवर होती. गल्लीतल्या कुत्र्यांचा नकाशा काढायचं तिचं काम चाललं होतं. कोणतं कुत्रं कुठं झोपतं, कोणाची हद्द कुठं संपते. भूगोल म्हणून हा प्रकल्प मीच तिला दिला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

मी खालून हाक मारली आणि सांगितलं की नळ आले. ती म्हणाली, येते. मी आणखी एकदा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, येते. तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे वाचवणं, असं बाईंनी शिकवलं होतं. म्हणून मी गच्चीच्या जिन्याखाली उभा राहून शांत आवाजात म्हणालो, "ठीक आहे. ही तुझी निवड आहे." आणि खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसलो.

अख्ख्या गल्लीत धावपळ चालली होती. मोटरी घुंघुं करत होत्या, बायका पाइप ओढत होत्या, समोरचे गृहस्थ लुंगी खोचून हौदात डोकावत होते. आमची चावी तेवढी बंद. अण्णा आतून आले आणि पाइपाकडे निघाले. मी त्यांना अडवलं आणि हे का करायचं नाही ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला हे लेखी दे."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण ते उभेच राहिले. शेवटी मी भाषांतराच्या एका रद्दी कागदावर लिहून दिलं की आज नळाचं पाणी भरू नये, आणि खाली सही केली. त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळानं मुलगाही येऊन बसला. समोरच्या गृहस्थांनी ओरडून विचारलं, तुमची मोटर जळली का? पाइप पाहिजे का आमचा? मी हात हलवून सांगितलं की सगळं ठीक आहे. असे आम्ही तिघं येणाऱ्या पाण्याकडे बघत राहिलो, आणि ते गेलं. पोरगी नंतर खाली आली, नळ गेले का म्हणाली, आणि तिनं मला नकाशा दाखवला. नकाशा चांगला होता.

बायको संध्याकाळी आली तेव्हा मी तिला झालेलं सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा फुलला होता हे आता जाणवतं. तिनं विचारलं, टाकीत किती आहे? मी म्हणालो, थोडं आहे, आणि तेच तर शिक्षण आहे. ती मुलांकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं पिंप तिरपं करून बघितलं.

पुढचे दिवस मी पोरीकडे बारकाईनं लक्ष ठेवलं. पाणी नसल्याचा तिच्यावर काय परिणाम होतो ते मला टिपायचं होतं. तिला आंघोळ करावी लागत नव्हती, त्यामुळं ती प्रसन्न होती. केस धुवायचे नव्हते, म्हणून तिचा सकाळचा अर्धा तास वाचत होता आणि नकाशात दोन गल्ल्या वाढल्या होत्या. मुलगा तर पाण्यावाचून ह्याहून सुखी कधी नव्हता. अण्णांची पूजा मात्र एका पळीवर आली. देवांना आळीपाळीनं स्नान घालतोय, असं ते मला कळवत. बायको तांब्याभर पाण्यात आवरून बँकेत जात होती आणि मी भांडी राखेनं घासत होतो. टँकर बोलवावा असं ती एकदाच म्हणाली. मी म्हणालो, टँकर बोलावला तर आपण मधे पडल्यासारखं होईल. ती तांब्या घेऊन मोरीत गेली. एकमत दिसलं.

अशात सोयगावहून बायकोच्या मामांचा फोन आला. मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि इथल्या गुलमंडीच्या बाजारातून साड्या घ्यायच्या होत्या. दोन दिवस राहतो, म्हणाले. फोन करताना ते निघालेलेच होते. बायकोनं बँकेतून मला कळवलं आणि पाण्याचं बघ एवढंच सांगून फोन ठेवला, कारण समोर गिऱ्हाईक होतं. मी टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या. दुसऱ्याला केला. तोही उद्याच म्हणाला. मी दुकानातून पिण्याच्या पाण्याचे गार जार आणून अंगणात मांडून ठेवले.

दुपारी मामा, मामी, नवरीमुलगी आणि मामींची बहीण असे चौघं जीपनं आले. घाटातून आणि खोदलेल्या रस्त्यावरून आल्यामुळं सगळ्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी वांगी आणली होती, ज्वारी आणली होती, मुलांना बोरं आणली होती. मामी हातपाय धुवायला मोरीत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. मी जार उचलून त्यांच्या पायांवर पाणी घालायला लागलो. ते बर्फासारखं होतं. मामी पाय मागं घेत म्हणाल्या, राहू द्या, राहू द्या. मामा जारवरचं लेबल वाचत होते. म्हणाले, "जावईबापू, हे इकत घेतलेलं पाणी. ह्यानं पाय धुवायचं म्हंजी बरं नाय वाटत."

मी म्हणालो, जरा अडचण झाली आहे, उद्या टँकर येतोय. हे चाललं असतं. कमी पाणी आमच्या गावात कुणाला नवीन नाही आणि पाहुण्यांनीही ते पोटात घातलं असतं. पण माझा मुलगा बोरं खात तिथंच उभा होता. त्याला खोटं बोलायचं नाही असं मी शिकवलेलं.

"नळ आले होते," तो म्हणाला. "पण बाबांनी भरू दिले नाहीत. ताईला परिणाम चालू आहे. म्हणून तुम्हाला आंघोळ नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं की पोरीला शिक्षा म्हणून पाणी बंद केलंय का. मी म्हणालो, शिक्षा नाही, परिणाम. आणि दोन्हींतला फरक त्यांना सांगायला लागलो. मी चांगला पाचेक मिनिटं बोललो असेन. शिक्षा बाहेरून येते आणि परिणाम कृतीतूनच उमलतो, असंही काहीतरी म्हणालो. मामा मधून मधून म्हणत होते, "व्हय का." मामींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या पोरीकडे बघत होत्या. पोरीचे केस कितीतरी दिवसांत धुतलेले नव्हते, बोटांना पेन्सिलीचं काळं होतं आणि गालावर गच्चीची धूळ. मामींनी तिला जवळ ओढलं, मांडीवर बसवलं आणि विचारलं, "बाई, पाणी पिलीस का तू आज?"

पोरगी म्हणाली, पिले की. पण मामींना वाटलं की ती माझ्या भीतीनं सांगते आहे.

अण्णांना परिस्थितीची कल्पना आली असावी, कारण त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मामांच्या हातात दिला. आपण भरायला निघालो होतो, असं ते म्हणाले, पण वरून आदेश होता. मामांनी माझी सही नीट बघितली आणि कागद परत केला.

चहा झाला. चहालाही जारचंच पाणी होतं. मग मामा उठले आणि म्हणाले की इथंच गारखेड्यात त्यांचा पुतण्या राहतो, त्याला वाईट वाटेल, म्हणून मुक्कामाला तिकडं जातो. ह्याच पुतण्याशी त्यांचं वाटणीवरून वाकडं होतं आणि मागच्या दिवाळीपर्यंत बोलणंही बंद होतं, हे मला माहीत होतं. मी खूप आग्रह केला. मामी एवढंच म्हणाल्या की पोरीला दोन दिवस बरोबर नेते. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत ती पिशवी भरायला आत गेली. पाहुणे गेल्यावर अंगणात जार तेवढे उभे राहिले. मुलानं विचारलं, मला का नाही नेलं?

बायको आली ती पाहुण्यांसाठी श्रीखंड घेऊनच. तिला सगळं आधीच कळलं होतं. मामींनी जीपमधूनच तिला फोन केला होता. ती हात न धुता, श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. तिचं लहानपण ह्या मामांकडे गेलेलं. वडील लवकर गेल्यावर तिची कॉलेजची फी मामांनी भरलेली. आमच्या लग्नात कन्यादानाला ते दोघं बसलेले.

"मामी मला म्हणाली, पोरीचं काही चुकत असेल तर आमच्याकडं पाठवून दे, पण तिला तहानलेली ठेवू नको," बायको म्हणाली. "त्यांना आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरून उठून जावं लागलं. आता मला सांग, ह्यातून कोण काय शिकलं?"

मी म्हणालो की शिकण्याची प्रक्रिया सावकाश असते. हे वाक्य बाईंचं होतं. बायको उठली, टॉवेल आणि कपडे घेतले आणि समोरच्यांच्या घरी आंघोळीला गेली. समोरच्या बाईंनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. ती परत यायला खूप वेळ लागला. त्या वेळात दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्यानंतर समोरचे गृहस्थ मला पाइप पाहिजे का म्हणून कधी विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. तिसऱ्या दिवशी पोरगी आली. न्हालेली, तेल लावून दोन वेण्या घातलेली, हातात कोपरापर्यंत बांगड्या. ऊन ऊन पाण्यानं दोनदा आंघोळ झाली होती, गुलमंडीवर कुल्फी झाली होती, पैठण गेटला चाट झाला होता, आणि लग्नात घालायला घागरा मिळाला होता. गारखेड्याच्या त्या पुतण्यानं तर मामांच्या पाया पडून रडून घेतलं, असंही ती म्हणाली. दोन घरांचं भांडण मिटलं होतं. परिणाम म्हणावा तर असा चौफेर झाला होता, आणि ज्या पोरीमुळं सगळं घडलं तिच्या वाट्याला कुल्फी आली होती.

बाईंच्या पद्धतीत शेवटी एक शांत बैठक असते. तीत मुलानं आपल्या निवडीविषयी बोलायचं. मी ती गच्चीवर घेतली, संध्याकाळी. पोरगी कठड्याला टेकून खाली कुत्री बघत होती. मी विचारलं, ह्यातून तू काय शिकलीस? ती विचार करून म्हणाली की नळ भरला नाही तर पाहुणे आपल्याला घेऊन जातात.

मग तिनंच विचारलं, "आईला आंघोळ मिळत नव्हती?"

"नव्हती."

"आणि मामींना राग आला?"

"वाईट वाटलं त्यांना. आईलाही वाटलं."

ती बांगड्या मागं सारत राहिली. मग म्हणाली, "मला सांगायचंस ना, आईला पाणी राहणार नाही म्हणून. मी आले असते. तू म्हणालास, तुझी निवड आहे. मला वाटलं, खरंच निवड आहे."

भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम आहे. एका शब्दाचा वाचणारा काय अर्थ घेईल, याचा विचार करण्याचेच मला पैसे मिळतात. मी म्हणालो की पुढच्या वेळी सांगेन. ती म्हणाली, ओरडून सांगितलं तरी चालेल, वर ऐकू येत नाही नीट.

त्या रात्रीच्या जेवणात बायकोनं एकमताचा काळ संपल्याचं जाहीर केलं. पाणी, गॅस, पाहुणे आणि अण्णांची औषधं ह्या गोष्टी ह्यापुढे अभ्यासक्रमात नसतील. बाकी शेरवानी वगैरेबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. अण्णांनी विचारलं की हा आदेश लेखी मिळेल का. बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ताटात भात ओढून घेतला.

आमच्या वर्गाचा एक पालकांचा ग्रुप होता. तिथं मला अनुभव लिहायला सांगितला गेला. मी नळाची हकीकत लिहिली, फक्त पाहुणे येण्याच्या आधी थांबलो. आम्ही तीन पिढ्या खुर्च्यांवर बसून वाहत्या संधीकडे शांतपणे बघत राहिलो, असं एक वाक्यही त्यात होतं. भराभर लाल बदामांच्या खुणा आल्या. बंगळुरूच्या बाईंनी लिहिलं की असं धैर्य विरळा असतं. पुण्याच्या एका आईनं विचारलं, आमच्याकडे पाणी दिवसभर असतं, तर आम्ही काय करावं? तिला बऱ्याच जणांनी उपाय सुचवले. एकानं तर मुख्य चावीच बंद ठेवायला सांगितलं. मी त्यात पडलो नाही.

लग्न सोयगावला होतं. जायला मला संकोच वाटत होता, पण न जाणं शक्य नव्हतं. आम्ही गाडीतून उतरलो आणि माझ्या लक्षात आलं की ही हकीकत आमच्या आधी पोचली आहे. मामांनी आम्हाला घरातली सगळ्यांत चांगली खोली दिली. खोलीबाहेर दोन पिंपं भरून ठेवली होती, शेजारी कळशा, कळशांवर तांबे. मी हात धुवायला गेलो तर कुणीतरी धावत येऊन ऊन पाण्याची बादली ठेवून गेलं. मी मांडवात बसलो तर एका म्हाताऱ्या आजींनी माझ्यासमोर तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "प्या, बापू, पोटभर प्या. हितं पाण्याला कुणी नाय म्हणत नसतं." जेवणाच्या पंगतीत पाणी वाढणारा माझ्यापाशी दर वेळी थांबायचा. ओळख करून देताना माझं शिक्षण किंवा काम कुणी सांगत नव्हतं. नुसतं म्हणायचे, हे ते जावई, आणि ऐकणारा लगेच म्हणायचा, हां हां, आणि मग पाणी विचारायचा. कुणी टोमणा मारला नाही. लई मायेनं वागले सगळे. मी त्या दोन दिवसांत इतकं पाणी प्यालो की मंगलाष्टकं चालू असताना मला मांडवातून उठावं लागलं.

बायको मात्र तिथं मोकळी झाली. मामींच्या गळ्यात पडून ती रडली, मग दोघी खोलीत बसून खूप वेळ हसत होत्या. कशाला हसताय म्हणून मी दाराशी गेलो तर मामींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि बायको म्हणाली, काही नाही, तू पाणी पी.

परत निघालो तेव्हा मामांनी डबा भरून जिलेबी दिली. मुलानं लग्नातही भरपूर खाल्ली होती आणि आता डबा त्याच्याच मांडीवर होता. बायकोनं पुरे म्हटलं. मीही म्हटलं. तो म्हणाला, ही शेवटची, आणि असं म्हणत म्हणत फर्दापूर आलं. अजिंठ्याच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तसा त्यानं डबा बंद केला. मग त्याचा चेहरा उतरला. मी गाडी कडेला घेतली आणि त्याला कसाबसा बाहेर काढला. तो कठड्याशी वाकला आणि दोन दिवसांचं लग्न बाहेर आलं.

मी त्याचं कपाळ धरून उभा होतो. पोरगी बाटली घेऊन आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो तोंड पुसत, डोळ्यांत पाणी आलेलं, माझ्याकडे वर बघून म्हणाला, "बाबा, हा परिणाम आहे का?"

गाडीत बायको खिडकीतून आमच्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "ही उलटी आहे. चूळ भर."

घाट चढून वर आल्यावर अजिंठ्यात एका हॉटेलापाशी आम्ही थांबलो. त्याला लिंबू सरबत पाजलं, आम्ही चहा घेतला, आणि त्याचं पोट बसेपर्यंत बाकावर बसून राहिलो.